स्कारबरोपासून अर्ध्या तासावर

दसरा उलटला की दिलसुखनगरच्या चौकात सीताफळांच्या गाड्या लागतात. पानांच्या गादीवर रचलेली, डोळे उघडलेली, जोरात धरलं तर बोट रुतेल अशी फळं. गाडीवाला हाळी देतो, "लेलो अम्मा, बालानगर का माल है, शक्कर है शक्कर!" कोचिंग क्लास सुटलेली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन गाड्यांच्या मधून वाट काढत असतात. थंडी अजून आलेली नसते, पण उन्हातला जाच गेलेला असतो. हैदराबादचा हा सगळ्यात भला ऋतू. लोक त्याची वाट बघतात. मीही बघायची.

आता त्या गाड्या दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथला जाते. सीताफळांचा तो गोड, किंचित आंबूस वास नाकात शिरला की मला समुद्रावरचा बोचरा वारा आठवतो, काचेची एक टेलिफोनची पेटी आठवते, आणि हजारो मैलांवरून आलेला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू येतो. "मग? पाणी एका धारेनं पडतं का दोन?"

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते इथल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत. घराणं नांदेडकडचं, गोदावरीकाठचं, शेतकऱ्याचं. आजोबांनी त्यांना शिकायला म्हणून हैदराबादला ठेवलं आणि ते इथलेच होऊन गेले. बडी चावडीजवळ दोन खोल्यांत आमचा संसार होता. घरात मराठी, गल्लीत दखनी, दूधवाल्याशी तेलुगू. नानांना प्रवासाचं विलक्षण वेड, आणि प्रवास म्हणाल तर वर्षातून एकदा गावची जत्रा. बाकीची सगळी पृथ्वी ते खडू हातात घेऊन फिरत.

रविवारी सकाळी ते आबिड्सला जात. त्या दिवशी तिथली दुकानं बंद असतात आणि बंद शटरांसमोर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पांढऱ्या दाढीचे एक पुस्तकवाले चाचा नानांसाठी नकाशे बाजूला काढून ठेवत. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका रविवारी चाचांनी गठ्ठ्याखालून एक बारीकसं पुस्तक ओढलं. "मास्टरसाब, ये आपकेच वास्ते रखा." वरचं पान गेलेलं. आत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्कारबरो नावाच्या गावाची माहिती. पण गंमत अशी, की गावातला किल्ला, वाळू, दोन उपसागर हे सगळं दोन पानांत उरकलं होतं आणि पुढचं सारं पुस्तक गावाभोवतीच्या, सहसा कुणी न जाणाऱ्या ठिकाणांबद्दल होतं. लिहिणारा पायी हिंडणारा माणूस असावा. नाना उभ्याउभ्याच वाचू लागले आणि एका पानावर थबकले.

"अगं, ही बघ! ही तर आपली गोदावरी!"

ती डरवेंट नदी होती. समुद्राच्या अगदी जवळ जन्मते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आत, जमिनीकडे चालू लागते. हिमयुगात बर्फानं तिची जुनी वाट अडवली, तेव्हा तिनं डोंगर चिरून नवी वाट काढली. त्या झाडीभरल्या दरीचं नाव फोर्ज व्हॅली. आपली गोदाही तशीच, पश्चिमेचा समुद्र हाकेवर असताना पूर्वेकडे निघते. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नदीसाठी रडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग रोज संध्याकाळी ते पुस्तक निघे. एका हातात शब्दकोश, मांडीवर पुस्तक, समोर मी. नाना एकेक वाक्य मराठीत करून सांगत. रेव्हनस्कार नावाचं एक न झालेलं गाव होतं. शंभर वर्षांमागे एका कंपनीनं तिथे उंच कड्यावर मोठं पर्यटनाचं गाव वसवायचं ठरवलं, रस्ते आखले, गटारं बांधली, पण घरं बांधायला माणसंच आली नाहीत. रस्ते तेवढे गवतात पडून राहिले. आणि नानांचं सर्वांत लाडकं हेबर्न वाइक. गावापासून उत्तरेला अर्ध्या तासावर. दाट रानातून उतरत जायचं, खाली ओढ्याचा आवाज येतो, आणि झाडी संपते तिथे तो ओढा धबधबा होऊन थेट समुद्रकाठच्या धोंड्यांवर पडतो. दोन धारांनी पडतो, असं पुस्तकात होतं.

"नदी म्हटली की समुद्राला मिळायला किती सोपस्कार करते," नाना म्हणत. "त्रिभुज प्रदेश, खाडी, गाळ. आणि हा पठ्ठ्या नुसती उडी मारतो!"

मी मोठी झाले तेव्हा देशाचे दरवाजे उघडत होते. सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द, उदारीकरण. गल्लीत केबलच्या तारा आल्या. कित्येक वर्षं अर्ज करून बसलेल्या नानांच्या घरी टेलिफोन आला आणि आईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आम्ही दिलसुखनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. विजयवाड्याच्या रस्त्याला माळावर चुना लावलेले दगड रोवून प्लॉट पडत होते, बसमधून जाताना नाना बोट दाखवत, "बघ, आपली रेव्हनस्कारं." तिथे मात्र माणसं आली. इतकी आली की आता माळ कुठे होता तेही सांगता येत नाही.

मी संगणक शिकले आणि एका कंपनीत लागले. दोन हजार साल यायला थोडाच अवधी उरला होता, आणि जुन्या संगणकांना ते साल ओळखता येणार नाही म्हणून जगभर धावपळ चालली होती. जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला आमच्यासारख्यांना गठ्ठ्यानं परदेशी पाठवत. एका सकाळी साहेबांनी यादी वाचली. कुणाला लंडन, कुणाला न्यू जर्सी. मला आणि पद्मजा नावाच्या माझ्या मैत्रिणीला एका विमा कंपनीचं काम होतं, तीन महिन्यांचं. गावाचं नाव साहेबांना धड उच्चारता येईना. पद्मजा हिरमुसली. मी हसत सुटले.

घरी सांगितलं तेव्हा नाना पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"कुठं म्हणालीस? परत म्हण."

"स्कारबरो."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग आत जाऊन त्यांनी देवासमोर साखर ठेवली. नाना आणि देव, दोघांनाही त्याची सवय नव्हती.

बेगमपेटच्या विमानतळावर निरोप देताना आईनं लोणच्याची बरणी, स्वेटर, गोळ्या असं सगळं पुन्हापुन्हा बजावलं. नाना एवढंच म्हणाले, "यादी देत नाही. तुला पाठ आहे. तिन्ही ठिकाणं बघ आणि मला सांग. फोटो नाही काढलेस तरी चालेल. बघून ये बरं का."

तेव्हा सीताफळं नुकती बाजारात येत होती.

स्कारबरो सुंदर होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला ते ओलं, करडं आणि उदास वाटलं. पर्यटकांचा हंगाम सरला होता. वाळूवर भरती यायची, ओहोटी लागायची, कुणी बघायला नसे. आम्ही टेकडीवरच्या एका घरात भाड्यानं राहत होतो. घरमालकीण आयरीन, साठीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून बागेत काम करणारी. आठवड्याचे सहा दिवस आम्ही दिवे लागेपर्यंत ऑफिसात असू. रविवार मोकळा.

पहिल्या रविवारी झोपले. दुसऱ्या रविवारी पाऊस होता. तिसऱ्याला आम्ही यॉर्कला जाऊन आलो, मग लीड्सची दुकानं, मग दोन दिवसांची रजा जोडून लंडन. पुलासमोर, घड्याळासमोर, मेणाच्या पुतळ्यांसमोर आम्ही फोटो काढले. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मी पंचवीस वर्षांची होते. ज्या जगाची जाहिरात आम्ही चार-पाच वर्षं टीव्हीवर पाहत होतो, ते जग मला हवं होतं. परतल्यावर ऑफिसात नुसतं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं काहीतरी. रान, ओढा आणि गवतातले रस्ते बघायला इतक्या लांब कशाला यायचं, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. ते मी कधी शब्दांत आणलं नाही, पण होतं.

दर रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या पेटीत शिरे. तेव्हा इकडे दुपारची जेवणं आटोपलेली असत. आई दोन वाक्यं बोलून नानांकडे देई.

"सीताफळं आलीत गं. तुझी आई बिया काढून वाटीत ठेवते, सवयीनं. मीच खातो मग." आणि लगेच, "हेबर्न वाइक झालं का?"

"पुढच्या रविवारी, नाना."

असं पाच वेळा झालं. सहाव्या रविवारी नानांचा आवाज बसलेला होता. त्यांना ताप येऊन गेला होता, आई म्हणाली. तरी त्यांनी विचारलंच. पण या खेपेला प्रश्न वेगळा होता. "तिकडं फार काम असतं का गं? जमत नसेल तर राहू दे." मला तो समजूतदारपणा सोसला नाही. पेटीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते, त्यांच्याकडे बघत मी म्हणाले, "अहो, गेल्या रविवारी फोन झाल्यावर जाऊन आले."

"खरं? मग? पाणी एका धारेनं पडतं का दोन?"

"दोन."

"दोन!" नाना ओरडले, आणि मला लांबून आईचा आवाज आला, "अहो, हळू." ते आईलाही सांगत होते, "दोन धारा आहेत, दोन!"

त्यानंतर मी थांबले नाही. थांबता येईना. नाना विचारत गेले आणि मी सांगत गेले. झाडं कुठली? ओक. वाट कशी आहे? उतरणीची, ओल्या पानांनी निसरडी. मी दोनदा घसरले. एकटी होतीस? घाबरली नाहीस? आणि इथे मी पुस्तकात नसलेलं काही पहिल्यांदा बोलले. "एक पांढरा कुत्रा होता, नाना. कुणाचा कोण जाणे. पुढे पुढे पळायचा आणि वळणावर थांबून माझी वाट बघायचा. थेट धबधब्यापर्यंत आला." नाना इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुढच्या दोन रविवारी मी त्यांना फोर्ज व्हॅली आणि रेव्हनस्कारही दाखवलं, त्याच पेटीतून.

निघायच्या आधीच्या शनिवारी आम्हाला अचानक अर्धी सुट्टी मिळाली. आयरीन दारात गाडीची किल्ली वाजवत उभी होती. तिनं विचारलं, कुठे न्यायचं तर सांग, उत्तरेला हेबर्न वाइक म्हणून फार छान जागा आहे, उन्हाचा दिवस आहे. तिच्या तोंडून ते नाव ऐकून माझे कान तापले. मी म्हटलं, थंडी वाजतेय, सामानही बांधायचंय. आजवर मी याची कारणं शोधतेय. सामान तासाभराचं होतं. मला वाटतं, मी घाबरले होते. तिथे एकच धार असती तर? वाट निसरडी नसती तर? माझं सांगून झालं होतं. खऱ्या जागेला आता माझ्यात जागा उरली नव्हती.

परत आले तेव्हा सीताफळं संपली होती.

नानांनी मराठी मंडळाच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं. काचीगुड्याच्या त्या छोट्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, बहुतेक नानांच्या वयाची. फळ्यावर किनाऱ्याचा नकाशा नानांनी स्वतः काढला होता, निळ्या खडूनं समुद्र, हिरव्यानं रान. मी पाऊण तास बोलले. लोक तल्लीन झाले होते. नाना पहिल्या रांगेत बसले होते, आणि मी काही सांगायच्या क्षणभर आधीच त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनीच हात वर केला, विद्यार्थ्यासारखा. "त्या कुत्र्याचं सांग की."

मी सांगितलं. टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "मी तीस वर्षं शिकवलं. पण एवढं नीट मला कधी दिसलं नव्हतं."

खोटं बोलणं वाईट, हे मी लहानपणी शिकले होते. खोटं पुढे काय काय करतं, हे शिकायला मला आणखी चार वर्षं लागली. तोवर माझं लग्न झालं होतं, पगार वाढला होता, नवऱ्याला कामासाठी मँचेस्टरला वर्षभर राहायचं होतं. मी दिलसुखनगरला धावत गेले. "नाना, मे महिन्यात तुम्ही आणि आई या. मी पासपोर्टचे कागद आणलेत. तिथून स्कारबरो लांब नाही. तुमचं हेबर्न वाइक!"

नानांनी कागद हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि परत दिले.

"मी जाऊन आलोय की गं," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर."

"असं काय नाना. सांगणं वेगळं, बघणं वेगळं."

"तू सांगितलंस ते बघण्यापेक्षा कमी नव्हतं. आणि आता गुडघे बघ माझे. ती उतरण कशी झेपायची?"

"उतरण तितकी काही नाही."

"तूच म्हणालीस की. दोनदा घसरलीस. तू पंचवीस वर्षांची असताना."

मी त्यांच्यासमोर उभी होते. आई भाजी निवडत होती. एका वाक्याचं काम होतं: नाना, मी तिथे गेलेच नव्हते. ते रागावले असते. दुखावले असते. आणि मग, मला खात्री आहे, त्यांनी कागद परत मागितले असते. कारण मग त्यांना कुतूहल राहिलं असतं. त्यांचं कुतूहल मी चार वर्षांपूर्वीच भागवून टाकलं होतं, रेशनच्या साखरेत वाळू मिसळावी तसं.

मी म्हणाले, "चहा टाकते."

मँचेस्टरला आम्ही वर्षभर राहिलो. मी स्कारबरोला गेले नाही. नाना बरोबर आले नाहीत तर कशाला, असं नवऱ्याला सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी नाना गेले. दुखणं फार लांबलं नाही. भेटायला आलेल्यांत त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, आता स्वतःच शिक्षक. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ताई, तुमच्या त्या पांढऱ्या कुत्र्याची गोष्ट मी आमच्या वर्गात सांगतो." मी मान हलवली. आणखी कितीजणांच्या वर्गांतून तो कुत्रा पळत असेल, देव जाणे.

खूप वर्षं मी हे कुणाशी बोलले नाही. मागच्या वर्षी, याच दिवसांत, एका दुपारी आईला सांगून टाकलं. आई आता माझ्याकडेच असते. ऐकताना तिनं एकदाही मला थांबवलं नाही. संपल्यावर मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, त्यांना माहीतच असेल. बाप लेकराचं खोटं ओळखतोच. मी त्याचीच वाट बघत होते, आता कळतं.

आई म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं. शेवटपर्यंत सांगायचे मला ते." आणि मग, "मला तरी कशाला सांगितलंस? त्यांनी पाहिलं होतं, एवढं एक माझ्यापाशी होतं."

महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

परवा वरच्या मजल्यावरची शर्वरी निरोप घ्यायला आली. पुण्याहून इथे आलेल्या आयटीतल्या जोडप्याची मुलगी, एमएससी करायला लीड्सला निघालीय. मराठी बोलते, वाचायचं म्हटलं की अडखळते. तिनं आईच्या पाया पडून विचारलं, "आजी, काही टिप्स? तिकडे वीकेंडला फिरायला काय काय आहे?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. दोन धारा, ओक, निसरडी पानं. इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"लीड्सहून स्कारबरोला रेल्वे जाते," मी म्हणाले. "तिथून बसनं अर्ध्या तासावर हेबर्न वाइक म्हणून जागा आहे. रानातून खाली उतरलं की समुद्रकाठी धबधबा आहे म्हणतात. मी तीन महिने शेजारी राहून तिथे गेले नाही. नुसतं वाचलंय."

"ओह," शर्वरी म्हणाली. तिनं मोबाइलमध्ये नाव टिपून घेतलं. "मी जाईन ना, काकू. पक्कं. जाऊन आले की तुम्हाला कॉल करते."

आई उठून उभी राहिली होती. तिनं शर्वरीचा हात धरला.

"हिला नको," ती म्हणाली. "मला कर."